रातचा रगात कित्याक? (वैद्यकाच्या इतिहासातल्या विलक्षण गोष्टी)

सडेकर

मंडळी, नमस्कार.

माझी नोकरी हत्तीरोग पथकात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून झाली. वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवण हा पट्टा. लोक जेवून अंथरुणं घालायला लागले की आमचं काम सुरू व्हायचं. बॅटरी, काचपट्ट्यांची लाकडी पेटी, स्पिरिटचा बोळा, टोचायच्या सुया आणि नोंदवही घेऊन आम्ही वाडीत शिरायचो. कुत्री भुंकायची, मग माणसं उठायची.

एका घरी पडवीत एक आजोबा बसले होते. बोट पुढे केलंनी आणि विचारलंनी, "रातचा रगात कित्याक काढतास? दिवसाक येऊक काय झाला तुमका?"

प्रशिक्षणात शिकवलेलं उत्तर मी दिलं. "आजोबा, हे जंतू रात्रीच रक्तात उतरतात."

"त्यांका कोण सांगता रात झाली म्हणान?"

मी गप्प झालो. खरंच, कोण सांगतं?

आजोबांच्या पट्टीत जंतू निघाले. पुढच्या खेपेला शाळेच्या खोलीत सूक्ष्मदर्शक लावला होता, तेव्हा मी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांच्या बोटातला ताजा थेंब काचेखाली ठेवला. तांबड्या पेशींच्या गर्दीत केसाहून बारीक एक अळी वळवळत होती, पेशींना ढुशा देत होती. आजोबांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "ह्यो माझ्याच आंगातलो?"

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला पॅट्रिक मॅन्सन सापडले. चीनच्या किनाऱ्यावर अमॉय नावाचं बंदर आहे. तिथल्या कस्टम खात्यात हे स्कॉटिश डॉक्टर नोकरीला होते. त्यांच्याआधी कलकत्त्यात टिमथी लुइस यांनी १८७२ साली माणसाच्या रक्तात या अळ्या पाहिल्या होत्या, पण त्या एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात कशा, हे कोणाला ठाऊक नव्हतं. मॅन्सनना डासाचा संशय आला. हिन लो नावाचा त्यांचा माळी होता आणि त्याच्या रक्तात अळ्या होत्या. १८७७ साली त्यांनी त्याला एका खोलीत झोपवलं. दिवा लावून दार उघडं ठेवलं, डास आत आले, मग दार लावून घेतलं. सकाळी भिंतींवर रक्त पिऊन टच्च फुगलेले डास बसले होते. ते पकडून रोज काही फाडून पाहिले, तेव्हा त्यांच्या पोटात हिन लोच्या रक्तातल्या अळ्या मोठ्या होत चाललेल्या दिसल्या. माणसाचा रोग किड्याच्या अंगात वाढतो हे जगात पहिल्यांदा कोणी पाहिलं ते तिथे. पुढे याच मॅन्सननी रोनाल्ड रॉसना हिवतापासाठी डासांकडे बघायला लावलं.

आणि रात्रीचं? मॅन्सननी दोन मदतनीस ठेवले, एक दिवसा रक्त तपासणारा आणि एक रात्री. रात्रीच्या माणसाला अळ्याच अळ्या मिळायच्या, दिवसाच्याला जवळजवळ नाहीतच. दिवसभर त्या फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत बसून असतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास अंगभर पसरतात, कारण हा रोग पसरवणारा आपल्याकडचा डास रात्रीच चावतो.

मॅन्सनच्या नावाने पुस्तकं भरली आहेत. हिन लोला एक ओळ मिळते, तीही "माळी" म्हणून. एवढ्यासाठी हा धागा काढतोय. वैद्यकातल्या अशा गोष्टी तुम्हाला माहीत असतील तर लिहा, पण ज्याच्या अंगावर ती गोष्ट घडली तो माणूसही त्यात येऊ द्या. आणि कृपा करून पक्की माहिती असेल तेवढीच लिहा. फिरत आलेले मेसेज नकोत.

कातळावरचा

काका, मग आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर काय? रात्र झाली हे अळीला कोण सांगतं?

सडेकर

तुमची झोप सांगते. १८८१ साली लंडनला स्टीफन मॅकेन्झी यांनी एका रुग्णाला दिवसा झोपवलं आणि रात्री जागं ठेवलं. काही दिवसांत अळ्यांनीही पाळी बदलली, दिवसा वर यायला लागल्या. आणि पॅसिफिकमध्ये सामोआकडे हा रोग पसरवणारा डास दिवसा चावतो, तर तिथल्या अळ्या दिवसाही रक्तात सापडतात. आजोबा होते तोवर हे मला ठाऊक असतं तर खास सांगायला गेलो असतो.

मॅन्सनची एक चूकही सांगतो. डास एकदा चावतो आणि पाण्यात पडून मरतो, मग ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो, असं त्यांनी धरलं होतं. अळी डासाच्या सोंडेतूनच परत येते हे कळायला १९०० साल उजाडलं.

शेवंती

सडेकरकाका, फार सुंदर सुरुवात केलीत. मी पणजीहून. माझ्याकडची गोष्ट एका शब्दाची आहे.

आमची आजी पोट बिघडलं की म्हणायची, "मोडशी झाली." तुमच्याकडेही म्हणत असतील. हा आपला घरगुती शब्द चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी युरोपात पोचला. गार्सिया द ऑर्ता हे पोर्तुगीज वैद्य १५३४ साली भारतात आले आणि गोव्यात राहिले. १५६३ साली त्यांचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यात छापलं गेलं. भारतात छापखाना येऊन तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. पुस्तक सगळं संवादात आहे, ऑर्ता स्वतः आणि रुआनो नावाचा एक कल्पित पाहुणा वैद्य. त्यात पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, एक प्रकरण आहे, आणि इथले लोक या रोगाला काय म्हणतात तेही त्यांनी लिहून ठेवलं. पोर्तुगीजांच्या तोंडी मोडशीचं मोर्देशी, मोर्देशिम झालं. फ्रेंचांच्या कानावर ते पडलं तेव्हा त्यांना त्यात आपल्या भाषेतले शब्द ऐकू आले, "मोर द शिएं". अर्थ, कुत्र्याचं मरण. मग लोक समजायला लागले की इतका वाईट मृत्यू येतो म्हणूनच हे नाव पडलं. कुत्र्याचा काही संबंध नव्हता हो, आमच्या आज्यांचा शब्द होता तो.

मुंबई बेट ऑर्तांना पोर्तुगीज राजाकडून खंडाने मिळालं होतं. तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ धरतं, असं ते मोठ्या कौतुकाने लिहितात. आंबेवाल्या मंडळींसाठी मुद्दाम सांगितलं.

त्यांचा शेवट मात्र वाचवत नाही. घराणं मुळात ज्यू, बळाने ख्रिस्ती झालेलं. ते १५६८ साली वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला, कातारीनाला, गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जिवंत जाळलं. आणि १५८० साली, मरून बारा वर्षं झाल्यावर, ऑर्तांची हाडं उकरून जाळली, धर्म लपवला म्हणून. तोवर त्यांच्या पुस्तकाचा लॅटिन सारांश अँटवर्पला छापून निघाला होता आणि युरोपातले वैद्य तो वाचत होते. आज पणजीत चर्चसमोरच्या बागेला ऑर्तांचं नाव आहे. मी तिथे रोज फिरायला जाते.

नलूताई

शेवंतीताई, मोडशीवरून मला राहवलं नाही. मी गुहागरकडे आरोग्यसेविका होते, आता निवृत्त.

पावसाळ्याच्या तोंडावर हगवणीची साथ ठरलेली असायची. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायचं आणि घरोघर जलसंजीवनीची पाकिटं वाटायची. लोकांना पाकिटापेक्षा सलाईनवर विश्वास. "सुई लावा, पाणी पाजून काय व्हायचंय?" असं आई-बाप भांडायचे. मी त्यांना बनगावची गोष्ट सांगायचे.

१९७१ साली बांगलादेशातून माणसांचे लोंढे आले. सीमेवर बनगावला छावण्या होत्या, त्यात पटकी शिरली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. खाटा संपल्या, सलाईन संपत आलं, रुग्ण जमिनीवर घाणीत झोपलेले. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पिशव्या भरल्या, पिंपात पाणी कालवलं आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. आईने मुलाला पाजायचं, भावाने भावाला. शंभरातली तीस माणसं जात होती, ती चारच्या आत आली. त्या छावणीत ज्यांनी रात्रभर पेला धरला त्यांची नावं कुठेच नाहीत. काका, तुमच्या हिन लोला तेवढी एक ओळ तरी मिळाली.

त्याच्याही आधी, १९५३ साली, कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून पटकीचे रुग्ण बरे केल्याचं "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. फारसं कोणी लक्ष दिलं नाही. अठरा वर्षं ते तसंच पडून राहिलं. त्या अठरा वर्षांत किती मुलं गेली असतील, हा विचार आला की माझं मन अजून पेटतं.

आणि आपण कोकणात आजारी माणसाला काय देतो? पेज, वर मिठाचा खडा. पुढे तांदळाच्या पिठापासूनही जलसंजीवनी करून पाहिली आणि पटकीत ती चांगली चालली. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग तुझ्या सरकारानं आधी विचारायचं नाही का आम्हांला?"

घरचं प्रमाण देऊन ठेवते, कोणाच्या उपयोगी पडेल. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त नको.

माडांच्या_बनात

मी डॉक्टर आहे, रत्नागिरीत. नलूताईंच्या लिहिण्याला एक जोड देतो. मीठ एकटं पाजून भागत नाही, साखर लागतेच. आतड्याच्या भिंतीत एक दार असं आहे की ज्यातून मीठ आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. पटकीचं विष बाकी बरंच बिघडवतं, पण या दाराला हात लावत नाही. पेजेतला स्टार्च पोटात हळूहळू ग्लुकोज सोडतो, म्हणून पेज उपयोगी. पण पातळ हवी आणि मीठ बेताचं हवं. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल सुस्तावलं तर वाट बघू नका, दवाखाना गाठा.

विनय_चिपळूण

माझ्याकडे एक गोष्ट आहे, आणि तिच्यात कोकणातला एक जिन्नस आहे. शेवटपर्यंत वाचा.

१७९२ च्या सुमाराला इंग्रज आणि टिपू यांची लढाई चालू होती. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. साधारण वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. हा माणूस वैद्य नव्हता, विटा पाडणाऱ्या जातीतला होता. दोन इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या "जंटलमन्स मॅगझिन"मध्ये कावसजीच्या चित्रासकट ती छापून आली.

कृती अशी. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून नाकाचा आकार करायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ ओढायची. त्या रेघेवरून कपाळाचं कातडं सोडवायचं, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवायची म्हणजे रक्त चालू राहतं. ते कातडं पिळा देऊन खाली वळवायचं आणि जुन्या नाकाच्या कडा ताज्या करून त्यांत बसवायचं.

आता टाका नाही, चिकटपट्टी नाही, तर ते धरायचं कशाने? छापलेल्या मजकुरात लिहिलंय "टेरा जापोनिका" पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांवर लावली, अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या, आणि चार दिवस दुसरं काहीही लावलं नाही. टेरा जापोनिका म्हणजे जपानची माती. युरोपातल्या लोकांना ती जपानची माती वाटली म्हणून हे नाव. ती माती नव्हेच, तो कात!

आमचं घर सावर्ड्याच्या बाजूला. खैराच्या लाकडाचे लाल कपचे मोठ्या भांड्यांत उकळताना लहानपणापासून बघतोय. तो वास, ते तांबडं दाट होत जाणारं पाणी. कात घसा आणि हिरड्या आवळून धरतो हे घराघरात माहीत. पण त्यावर माणसाचं नाक धरलं होतं हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. कातकरी हे नावच ज्या कातावरून पडलं, तो कात.

पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला ती जोडपट्टी कापायची. लंडनचे जोसेफ कार्प्यू हे वाचून वर्षानुवर्षं प्रेतांवर सराव करत राहिले आणि १८१४ साली त्यांनी तिथे पहिल्यांदा हे करून दाखवलं. आजही कपाळाचं कातडं वापरून नाक करतात. कावसजीचं नाव उरलं. त्या पुण्याच्या कारागिराचं नाव कोणीही लिहून घेतलं नाही, दोन डॉक्टर समोर उभे असून.

गडनदी

विनयदादा, जबरदस्त. पण हे सगळं सुश्रुतसंहितेत जसंच्या तसं आहे की. कपाळाचं कातडं घेऊन नाक करा असं सुश्रुताने लिहून ठेवलंय.

माडांच्या_बनात

गडनदी, थोडी दुरुस्ती. सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाचं कातडं घ्यायला सांगितलंय, आणि माप घ्यायला झाडाचं पान. पुण्याच्या कारागिराने कपाळ आणि मेण वापरलं. कल्पना एकाच कुळातली आहे, कातडं एका बाजूला जोडलेलं ठेवायचं. पण मधल्या शतकांत कोणीतरी हात चालवत पद्धत सुधारली, आणि तो कोणीतरी अशाच कारागीर घरांतला असावा असं मला वाटतं. सगळं सुश्रुतावर टाकलं तर त्या विटकऱ्याचं श्रेय पुन्हा एकदा जातं.

गडनदी

मान्य. धन्यवाद डॉक्टर.

कातळावरचा

मी राजापूरचा. आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, फुरशी फार. जांभ्याचा दगड उचलला की खाली वेटोळं असायचंच. खवले अंगावर घासून असा फुर्रर्र आवाज करतं की एकदा ऐकलात तर जन्मभर विसरणार नाही.

बाबांना गवत कापताना चावलं. चावल्याची खूण इवलीशी, बाबा म्हणाले काही नाही, काटा असेल. संध्याकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि थांबेना. आरोग्य केंद्रात नेलं तर डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं, ती टेबलावर उभी केली आणि घड्याळ बघत बसले. मी चिडलो. म्हटलं माणूस मरतोय आणि तुम्ही घड्याळ काय बघताय? ते म्हणाले, "वीस मिनिटं. नळीला हात लावू नकोस." वीस मिनिटांनी त्यांनी नळी हळूच आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. निरोगी माणसाचं रक्त एवढ्या वेळात गोठून खरवसासारखं बसतं. "फुरसंच," ते म्हणाले आणि लस सुरू केली. दुसऱ्या दिवशी परत नळी आडवी केली तेव्हा रक्त जागचं हललं नाही. आईने त्या नळीला हात जोडले.

नुसती एक काचेची नळी आणि वीस मिनिटं. प्लास्टिकची चालत नाही, काचेचीच लागते. ही सगळ्या जगात वापरतात असं नंतर कळलं.

खाजणवाट

कातळावरचा, आता हे ऐक. मी औषध दुकानात आहे, मोठ्या इस्पितळांना माल जातो आमचा. हृदयविकाराचा झटका आलेल्या काही रुग्णांना शिरेतून एक औषध देतात, टिरोफिबॅन. रक्तातल्या बारीक चकत्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून. ते बनवताना नमुना म्हणून समोर ठेवला तो फुरशाच्या विषातला एक रेणू, एकिस्टॅटिन. फुरशाचं शास्त्रीय नाव एकिस, त्यावरून ते नाव. ज्या गुणाने तुझ्या बाबांचं रक्त थांबेना, तसल्याच एका गुणाची नक्कल करून दुसऱ्या कोणाच्या हृदयातली गाठ अडवतात. १९९८ साली हे औषध बाजारात आलं. खोका हातात आला की मला आमचा सडाच आठवतो.

एकोणिसाव्या शतकात सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारण्यावर इनाम लावलं होतं आणि लोकांनी ती ढिगांनी आणून टाकली होती. इतकी भीती होती.

माडांच्या_बनात

फुरसं निघालं की विंचूही निघणार. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव इथे यायलाच हवं. १९७६ साली ते बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी लाल विंचू चावलेली माणसं, मुलं तर फारच, शंभरातली तीस-चाळीस दगावत. घाम फुटायचा, हातपाय गार पडायचे, छातीत पाणी भरायचं आणि तोंडाला फेस यायचा. बावस्कर रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांची नोंद ठेवत राहिले. १९८२ साली त्यांचं लिखाण "लॅन्सेट"मध्ये आलं. नोंदींवरून त्यांना दिसलं की विषाने शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर भार पडतो. मग रक्तदाबावरची एक साधी गोळी, प्राझोसिन, त्यांनी वापरून पाहिली. मृत्यू शंभरात एकदोनवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मी शिकत असताना एका वरिष्ठांनी सांगितलं होतं, "विंचवाला उतारा नाही." आज माझ्या टेबलाच्या खणात त्या गोळ्यांची पट्टी कायम असते.

नलूताई

विंचू उतरवणाऱ्याकडे नेऊन मग आमच्याकडे आणलेली मुलं मी पाहिलीत. एवढंच लिहिते. पुढचं लिहवत नाही.

मीठगर

सडेकरकाका, तुमचा हिन लो माळी होता ना? देवीची लस शोधणाऱ्या इंग्रज डॉक्टर जेन्नरनेही १७९६ च्या १४ मे रोजी ज्या मुलाला गायीच्या देवीची लस टोचली, तो जेम्स फिप्स, आठ वर्षांचा, जेन्नरच्या माळ्याचाच मुलगा. दीड महिन्याने त्याच मुलाला खऱ्या देवीचा पू टोचून पाहिला, देवी येतात का बघायला. आल्या नाहीत. आल्या असत्या तर? पुढे जेन्नरने त्याला राहायला घर दिलं, भाडं घेतलं नाही. १८२३ साली जेन्नर वारला तेव्हा फिप्स त्याच्या अंत्ययात्रेला होता.

आणि आपल्या किनाऱ्यावर ती लस कशी आली? तेव्हा बर्फ नाही, बाटलीत लस टिकत नाही. एकाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडात, अशी माणसांची साखळी. बगदाद, बसरा करत ती मुंबईला पोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्थॉल या तीन वर्षांच्या पोरीला ती टोचली आणि धरली. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना, आणि तिथून पुणे, सुरत, मद्रास. देशभरची लस त्या एका लहानग्या हातातून गेली.

माझ्या आईच्या दंडावर देवी काढल्याचे दोन गोल वण आहेत. मी लहानपणी त्यांवर बोट फिरवत झोपायचो.

सडेकर

मीठगर, फिप्स माळ्याचा मुलगा हे मला ठाऊक नव्हतं. दोघेही माळीच. मालकाच्या घरची माणसं. त्यांना नाही म्हणता आलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो. आम्ही रात्री दार वाजवायचो आणि अर्धवट झोपेतला माणूस सरकारी माणूस बघून बोट पुढे करायचा. आजोबांनी निदान "कित्याक" विचारलं. विचारणारे फार थोडे असायचे, आणि नीट सांगणारे आम्ही त्याहून थोडे.

शेवंती

अजून एक लिहून थांबते. कडू कवठ माहीत आहे ना? ओढ्याकाठचं झाड, कठीण करवंटीची गोल फळं. बियांचं तेल कातडीच्या रोगांवर लावतात. डॉ. भाऊ दाजी लाड, मूळचे आमच्या पेडण्याकडच्या मांद्र्याचे, महारोगावर हेच औषध वापरून बघत होते. ते १८७४ साली गेले.

याच कुळातलं चौलमोगऱ्याचं तेल जगभर महारोगावर वापरत, पण ते प्यायलं तर उलटी आणि टोचलं तर कातडीखाली गोळे राहायचे, अंगात भिनायचंच नाही. हवाईमध्ये ॲलिस बॉल नावाच्या कृष्णवर्णी रसायनशास्त्रज्ञ मुलीने त्यातली आम्लं वेगळी काढून, त्यांच्यावर प्रक्रिया करून ते रक्तात मिसळेल असं केलं. वय तेवीस. १९१६ च्या ३१ डिसेंबरला ती गेली, जेमतेम चोवीस वर्षांची. तिचं काम तिच्या विद्यापीठाच्या मोठ्या माणसाने आपल्या नावावर छापलं. हॉलमन नावाच्या डॉक्टरने १९२२ साली ही पद्धत बॉलची आहे असं लिहिलं, तरी पुढची कित्येक वर्षं ती विस्मरणातच राहिली. सल्फोनची औषधं येईपर्यंत, म्हणजे १९४० च्या दशकापर्यंत, महारोग्यांना आधार होता तो तिच्याच इंजेक्शनचा.

माडांच्या_बनात

शेवंतीताई, उत्तम. वाचणाऱ्यांना एकच विनंती, हे वाचून कोणी कडू कवठाचं तेल पोटात घेऊ नका. महारोगाला आता सरकारी दवाखान्यात फुकट औषध मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो. चट्ट्याला बधिरपणा असेल तर लाजू नका, दाखवा.

सुरंगी

मी वाचनमात्र असते, आज पहिल्यांदा लिहितेय. आमच्या वाडीत परवा रात्री रक्त घ्यायला पथक येणार असं आशाताई सांगून गेल्या. आजी हटून बसली होती. "रातचे येतत ते काय बरे नाय," म्हणून. मी काल तिला सडेकरकाकांचं लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. खोली, दिवा, डास, सगळं. ती अडकित्ता हातात धरून ऐकत राहिली, सुपारी कातरायची राहूनच गेली. मग म्हणाली, "तो माळी मगे बरो झालो काय?"

काका, तिला काय सांगू?

सडेकर

सुरंगी, खरं तेच सांग. तेव्हा औषध नव्हतं. या अळ्या मारणारी डीईसीची गोळी निघाली १९४७ साली, त्या रात्रीनंतर सत्तर वर्षांनी. आजीला म्हणावं, पट्टीत काही निघालं तर तुला ती गोळी मिळेल. जेवल्यावर घ्यायची, रिकाम्या पोटी नको. थोडा ताप आला, डोकं दुखलं तर घाबरू नये, अळ्या मरताना तसं होतं. डाव्या हाताचं बोट द्यायला सांग, म्हणजे सकाळी कामाला उजवा मोकळा. आणि कित्याक म्हणून विचारायला सांग त्यांना. कोणी सांगितलं नाही तर मला कळव, मी फोनवर सांगतो.